लोणारचे खांब आणि बीबीचे धाबे : वऱ्हाडातील छायाचित्रणाच्या इतिहासातील एक उणीव

कॅमेऱ्याने टिपलेल्या निगेटिव्हांपैकी आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने निगेटिव्ह एका खिडकीचे आहे. इंग्लंडमधील लॅकॉक ॲबी या आपल्या राहत्या वास्तूतील जाळीदार खिडकीचे हे चित्र विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतले. कागदाचा तुकडा टपालाच्या तिकिटाहून फारसा मोठा नाही. परंतु चित्र प्रथम तयार झाले तेव्हा त्यातील काचेचे सुमारे दोनशे चौकोन भिंगाच्या साहाय्याने मोजता येत होते, अशी नोंद टॅलबटने त्याच्या शेजारीच करून ठेवली आहे. या नोंदीकडे इतिहासकारांनी तांत्रिक यशाची ग्वाही म्हणून पाहिले. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. नव्या साधनाच्या जनकाला त्या साधनाची कसोटी म्हणून सुचली ती वस्तू घरातलीच होती, आणि तिच्यात त्याने मोजले ते तिच्या चौकटीचे घर अन् घर. पुढे १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या त्याच्या ग्रंथातही अर्धवट उघडे दार व त्याला टेकवलेला खराटा, गवताची गंजी व तिला लावलेली शिडी अशी चित्रे आढळतात. रोजच्या परिसरातील रचना, म्हणजे ज्या आडव्या-उभ्या बांधणीवर एखादी वस्तू उभी असते ती बांधणी, ही छायाचित्रणाला मागाहून सुचलेली चैन नव्हे. त्याचा प्रारंभच तिथून झाला.

वऱ्हाडात मात्र कॅमेरा आला तो देवळाच्या वाटेने. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि त्यानंतरच्या दशकात लोणारच्या देवळांची छायाचित्रे घेतली गेली. ती घेणारा रॉबर्ट गिल हा मद्रासच्या सैन्यातील अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती करण्यासाठी त्याची नेमणूक १८४४ मध्ये झाली. बरीच वर्षे खपून त्याने केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. १८५६ च्या सुमारास त्याने हाती घेतलेल्या कॅमेऱ्याचे फळ मात्र टिकले. जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली, आणि त्यांपैकी एक द्विनेत्री छायाचित्रांचे होते. दोन भिंगांनी किंचित वेगळ्या जागांवरून टिपलेली जोडचित्रे विशिष्ट दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहिली असता दृश्याला खोली येते. या रीतीचे महत्त्व रचनेच्या दृष्टीने फार आहे. साध्या चित्रात मंडपातील खांबांची रांग एकमेकांवर चिकटून बसते. जोडचित्रात खांबामागचा खांब सुटा होतो, त्यांच्यातील पोकळी दिसू लागते, आणि छत कोणत्या खांबांवर कसे पेलले आहे हे डोळ्याला उमगते. शिल्पाच्या अभ्यासकाला साधे चित्र पुरेल. सांगाड्याच्या अभ्यासकाला ही पोकळीच हवी असते.

लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ अशा चित्रणाला अनुकूलच होते. ज्याला लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, त्या प्रकारातील ही वास्तू. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी हे नाव जोडले गेले असले, तरी त्या नावाखाली येणारी पुष्कळ देवळे त्याच्या आधीची आहेत. नाव लोकांनी दिले आहे, आणि लोकांची नावे कालगणनेची फारशी पर्वा करीत नाहीत. या बांधणीचे मर्म असे की ती कमानीवर उभी नाही. खाली तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर दोहो बाजूंना पुढे आलेला हस्त, हस्तावर तुळई, आणि चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यांतून तिरप्या टाकलेल्या शिळांनी लहान लहान होत जाणारे छत. दगडाला दगड चुन्यावाचून बसवलेला, म्हणून भार कोठून कोठे उतरतो हे सांध्यांवरून वाचता येते. त्या काळची रीत ओल्या काचेची होती. काचेवर द्रव्य लावून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे व वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करता येते. ज्याला हलता येत नाही असा विषय छायाचित्रकाराला प्रिय असावा, हे ओघानेच आले.

गिल १८७९ मध्ये मरण पावला. त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागातील हेन्री कझिन्स याने या भागातील अवशेषांची पद्धतशीर नोंद केली. मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची त्याची यादी १८९७ मध्ये निघाली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील त्याचा मोठा ग्रंथ १९३१ मध्ये. त्यात लोणार, मेहकर, सातगाव यांना स्थान मिळाले. कझिन्सने छायाचित्रांच्या जोडीला तलचित्रे व मोजमापे दिली, कारण कॅमेऱ्याला वास्तू वरून कापून दाखवता येत नाही हे तो जाणत होता. अशा रीतीने बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील दगडी सांगाडे सत्तर वर्षांच्या अवधीत चित्रांकित, मोजलेले व नामांकित होऊन ग्रंथालयांत सुरक्षित झाले. हे काम मोलाचे आहे, आणि पुढे ज्या उणिवेविषयी लिहावयाचे आहे तिचा दोष या दोघांवर ठेवण्याचे कारण नाही. ते देवळे पाहण्यास नेमले गेले होते, देवळे पाहून गेले.

लोणार तालुक्यातील बीबी हे गाव मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका बाजूला मेहकरची खांबांची प्राचीन धर्मशाळा, दुसऱ्या बाजूला लखुजी जाधवांचा वाडा, आणि जवळच लोणारचे सरोवर व देवळे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने या गावावरून पुढे निघून जावे अशीच ही जागा आहे. परंतु बीबीसारख्या गावातील जुन्या धाब्याच्या घराची रचना पाहिली, तर लोणारच्या मंडपात जे दगडात आहे तेच तिथे लाकडात व मातीत असल्याचे दिसून येते. तळखड्यावर उभा खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर दाट पसरलेली किलच, तिच्यावर पाला किंवा काड्यांचा थर, आणि सर्वांवर चोपून बसवलेली माती. ही वरची माती पुष्कळदा गावठाणातील पांढरीची असे. तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही असा अनुभव आहे. (पांढरीची माती घरांसाठी व शेतांसाठी खणून नेल्यामुळे महाराष्ट्रातील किती प्राचीन वसाहतींची टेकाडे नाहीशी झाली, हा स्वतंत्र दुःखाचा विषय आहे.) उजेडासाठी व धुराला वाट म्हणून धाब्याला ठेवलेले भोक, ते साणे.

या रचनेत भिंत भार घेत नाही, किंवा फार थोडा घेते. मातीची जाड भिंत थंडावा देते, आडोसा देते, चोरापासून रक्षण करते; छत मात्र खांबांवर असते. म्हणूनच धाब्याचे घर पडू लागले म्हणजे एक विलक्षण दृश्य दिसते. पावसाने भिंती खचतात, मातीचे ढीग होतात, आणि त्या ढिगांतून खांब व तुळया तशाच उभ्या राहतात. नांदत्या घरात जो सांगाडा गिलाव्याखाली व कोठीच्या अंधारात दडलेला असतो, तो घर मोडल्यावर प्रथमच उघड्यावर येतो. छायाचित्रकाराला याहून स्पष्ट पाठ मिळणे कठीण.

आणि तरीही या घराचे, याच्या सांगाड्याचे, हेतुपूर्वक घेतलेले चित्र वऱ्हाडच्या छापील साहित्यात शोधू गेल्यास निराशा पदरी येते. १८७० चे लायलचे वऱ्हाडचे गॅझेटियर, १९१० चे नेल्सनचे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर यांतून घरांविषयी जे कळते ते शब्दांतून. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांत (१९१६) माणसांची व त्यांच्या व्यवसायांची छायाचित्रे आहेत. पण तेथेही नजर माणसावर आहे. त्याच्या पाठीमागचे छप्पर कशावर उभे आहे हा त्या ग्रंथाचा प्रश्नच नव्हता.

चित्र नसले तरी शब्द होते, आणि ते विपुल होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. म्हणजे गिलच्या हाती कॅमेरा आला त्याच सुमारास, मराठी घराच्या सांगाड्याचा प्रत्येक अवयव या कोशात अर्थासह नोंदला जात होता. पुढे १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात विभागांनी त्यात मोठी भर घातली. या शब्दांतील काहींचे वय दगडी देवळांहूनही अधिक आहे. ‘खांब’ हा स्कंभाचा वारस, ‘तुळई’च्या मुळाशी असलेली तुला संस्कृतातही तराजूबरोबर घराच्या आडव्या लाकडाला लावली जात असे, ‘मेढ’ ही खळ्यातील मेथीची वंशज, आणि ‘चौकट’ या शब्दात चार काष्ठे अजून उघड दिसतात. या शब्दांत ‘खण’ हा सर्वांत विचारणीय. खण म्हणजे दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर. घर किती मोठे, हे हातांत किंवा फुटांत न सांगता खणांत सांगितले जाई : अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचे सात. घर मोजण्याचे परिमाण भिंतीत नसून खांबांमधील पोकळीत आहे, हे या एका प्रयोगावरून निःसंशय ठरते. गिलच्या जोडचित्रांत डोळ्याला जी पोकळी प्रथमच सुटी दिसली, तिला मराठी बोलणाऱ्यांनी केव्हाच नाव दिलेले होते. कपाटाचा खण, पेटीचा खण हे प्रयोगही याच पोकळीचे.

तेव्हा वऱ्हाडात परिस्थिती अशी झाली : देवळाच्या सांगाड्याची चित्रे ग्रंथांत, घराच्या सांगाड्याचे शब्द कोशांत, आणि दोहोंची गाठ कुठेच नाही. याचा तोटा केवळ भावनिक नाही. कोशात एखाद्या शब्दापुढे ‘घराच्या छपराचे एक लाकूड’ एवढाच अर्थ आढळला, तर ते लाकूड उभे की आडवे, कोणत्या थरात, कशाच्या आधारावर, हे वाचकाला कळत नाही. शिवाय एकच शब्द कोकणातील उतरत्या कौलारू छपराला व वऱ्हाडातील सपाट धाब्याला वेगवेगळ्या अवयवांसाठी लागू पडतो. चित्रावाचून हा घोळ सुटत नाही. आणि उलट बाजूने, नावे नसलेले चित्रही तितकेच मुके. ज्याला ‘हस्त’ हा शब्द ठाऊक नाही त्याला छायाचित्रात खांबाच्या डोक्यावरचा जाड भाग दिसतो. तो निराळा अवयव आहे, वेगळा घडवून बसवलेला आहे आणि त्याच्यामुळे तुळईचा मोकळा पल्ला कमी होतो, हे दिसत नाही. डोळा जे पाहतो त्याला शब्द कोर काढून देतो.

ही गाठ घालता येते हे दाखवणारा ग्रंथ हिंदुस्थानात १८८५ मध्येच निघाला होता. जॉर्ज ग्रियर्सन याने ‘बिहार पेझंट लाइफ’ या पुस्तकात बिहारमधील शेतकऱ्याच्या घरातील, शेतातील व कारागिराच्या जागेतील वस्तू एकेक घेऊन तिच्या प्रत्येक भागाचे स्थानिक नाव दिले, आणि जोडीला स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या आकृती दिल्या. बैलगाडी घेतली की तिचे चाक, आरे, आख, साटा यांची नावे जिल्ह्याजिल्ह्याला कशी बदलतात हे त्यात पाहावे. भाषावैज्ञानिकाने हाती कॅमेरा घेऊन रोजच्या वस्तूचा सांगाडा उकलावा आणि त्याच्या प्रत्येक हाडाला नाव विचारावे, असे या देशातील हे फार लवकरचे उदाहरण होय. पुढे याच ग्रियर्सनने भाषापाहणीचा सातवा खंड मराठीसाठी दिला (१९०५). त्यात वऱ्हाडी बोलीला जागा आहे. पण पाहणीची रीत ठरलेली होती. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत सांगवून घ्यावयाची. त्या कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, डुकरे आहेत, मेजवानी आहे. घर आहे, पण घराचा खांब नाही. बिहारच्या गाडीतील कीलही ज्याने सोडली नाही, त्याच्या हातून वऱ्हाडच्या घराची तुळई अशा रीतीने निसटली. तुलनेसाठी सर्वत्र एकच नमुना हवा, हे ग्रियर्सनचे कारण योग्यच होते. योग्य कारणांनीही नुकसान होते, एवढेच.

मराठी माणसे या कलेपासून दूर होती असे समजू नये. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी, १९०३ मध्ये, पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून लागले होते. परंतु व्यवसाय म्हणून छायाचित्रण महाराष्ट्रात पसरले ते माणसांच्या तसबिरींच्या रूपाने, आणि छायाचित्रकाराच्या खोलीत पाठीमागे रंगवलेला पडदा असे. त्या पडद्यावर खांब असत, कमानी असत, जिने असत. सर्व विलायती, सर्व खोटे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छायाचित्रकाराला गावी बोलावून घेतले असता त्याला हा पडदा प्रत्येक वेळी बरोबर नेता येत नसे, आणि धाब्याच्या घराच्या आत चित्र घेण्यापुरता उजेड नसे. म्हणून लग्नाचे, मुंजीचे किंवा वृद्धांच्या अखेरच्या दिवसांतील कुटुंबचित्र अंगणात किंवा ओसरीच्या पायरीवर घेतले जाई. पुढे खुर्च्यांवर वडीलधारी माणसे, मागे उभे तरुण, जमिनीवर मुले. आणि या सर्वांच्या पाठीमागे, कोणी न योजलेला, ओसरीचा सांगाडा. खांबांची रांग, हस्तावरील कोरीव काम, तुळईचे टोक, चौकटीची गणेशपट्टी, कधी कड्यांच्या ओळीही. कॅमेरा माणसांवर रोखलेला होता, पण भिंग निवड करीत नाही. जे समोर आहे ते सर्व घेते. बीबीसारख्या गावांच्या घराघरांतील ट्रंकांत व भिंतींवरील काचेआड असलेली ही कुटुंबचित्रे म्हणजे वऱ्हाडच्या गृहरचनेचा, न कळत जमलेला, संग्रह आहे. आजवर ती पाहिली गेली ती पुढच्या माणसांसाठी. मागच्या खांबांसाठी ती पाहावयास हवीत. आणि चित्रातील वृद्धांची नावे सांगणारे कोणी हयात असेल, तर बहुधा त्यालाच खांबामागच्या खोलीचेही नाव आठवत असेल. या दोन आठवणी एका बैठकीत लिहून घेता येतात, वेगवेगळ्या घेता येत नाहीत.

हेतुपूर्वक चित्रण कसे असू शकते हे पाहण्यास जर्मनीतील एक काम उपयोगी आहे. बर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून झीगन या लोहउद्योगाच्या परिसरातील साध्या कामगार-घरांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला आणि ती पुस्तकरूपाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. ही घरे लाकडी सांगाड्याची; खांब, आडव्या पट्ट्या आणि तिरपे आधार बाहेरून काळे उठून दिसतात आणि मधले खण पांढऱ्या गिलाव्याने भरलेले असतात. त्या प्रदेशात १७९० च्या एका कायद्याने घरबांधणीतील लाकडाच्या वापरावर मर्यादा घातली होती, कारण लाकूड लोखंडाच्या भट्ट्यांसाठी हवे होते. परिणामी शोभेचे लाकूड नाहीसे झाले आणि भार पेलण्यास आवश्यक तेवढेच उरले. बेखरांनी प्रत्येक घर समोरून, ढगाळ उजेडात, सावली पडू न देता घेतले आणि चित्रे ओळीने मांडली. एकच घर पाहता जे लक्षात येत नाही ते वीस घरे शेजारी ठेवता आपोआप दिसते : कोणता अवयव सर्वत्र आहे, कोणता ऐच्छिक आहे, कोणता एकाच सुताराच्या हातचा असावा. भाषेच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटेल. एका बोलीतील उच्चारांचे नमुने शेजारी मांडून भेदक वर्ण कोणता आणि त्याची रूपांतरे कोणती हे तो असेच ठरवतो. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो हे एका शब्दावरून सिद्ध होत नाही; शब्दांची ओळ लागते.

तथापि बेखरांची रीत जशीच्या तशी वऱ्हाडात आणता येणार नाही. झीगनच्या घराचा सांगाडा दर्शनी भागावर आहे, धाब्याच्या घराचा आत आहे. तेथे समोरून चित्र घेतले तर मिळेल एक मातीची सपाट भिंत आणि एक चौकट. ढगाळ उजेड हवा तर आषाढ-श्रावणाचे दिवस, आणि त्याच दिवसांत घरचा माणूस गळणाऱ्या धाब्यावर माती टाकण्यात गुंतलेला. त्याला खांबांची नावे विचारणाऱ्या पाहुण्याचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. येथे चित्र आत जाऊन, खणाखणाने घ्यावे लागेल. शिवाय बेखरांच्या चित्रांत घरांचे पत्ते आहेत, पण घरात राहणारे अवयवांना काय म्हणतात याची नोंद नाही. त्यांना त्याची गरज वाटली नसावी.

विलंबाला आता फारशी सवड उरलेली नाही. ‘प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण’ ही १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेली योजना कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना पक्के घर बांधण्यास साहाय्य देते. धाब्याच्या घरात पावसाळे काढलेल्या कुटुंबाला पक्के छप्पर हवे असते, आणि अभ्यासकाच्या हौसेपायी त्याने गळक्या छपराखाली राहावे असे कोणी म्हणू धजणार नाही. या योजनेची एक तरतूद मात्र इतिहासाच्या दृष्टीने चमत्कारिक आहे. बांधकामास मंजुरी देण्यापूर्वी लाभार्थ्याचे सध्याचे घर व नियोजित जागा यांचे, आणि पुढे कामाच्या निरनिराळ्या टप्प्यांचे, अक्षांश-रेखांश व वेळेच्या नोंदीसह छायाचित्र घेतले जाते. म्हणजे जे गिलने केले नाही, कझिन्सने केले नाही, रसेल-हिरालालांनी केले नाही, ते वऱ्हाडातील सामान्य घराचे क्रमवार चित्रण एकविसाव्या शतकात शासनाच्या हिशेबतपासणीसाठी झाले आहे. ते मोबाइलवर, क्षणभरात, पुरावा म्हणून झाले; घर मोडकळीस आल्याचे दिसावे हा त्याचा उद्देश. तरी कुटुंबचित्राच्या पाठीमागे जसा खांब आला, तसा येथेही येत असणार. भविष्यातील संशोधकाला वऱ्हाडच्या मातीच्या घरांचा सर्वांत मोठा चित्रसंग्रह या नोंदींत सापडेल, आणि त्यातल्या एकाही लाकडाला नाव नसेल.

नव्या घराचीही एक भाषा आहे. सिमेंटच्या घरात गवंडी व मालक जे शब्द वापरतात ते ‘कॉलम’, ‘बीम’, ‘स्लॅब’, ‘सेंट्रिंग’. वस्तुतः कॉलम-बीमची ही रचना तत्त्वतः खांब-तुळईचीच. भिंत तिथेही भार घेत नाही. गवंड्याने तिला जुनीच नावे दिली असती तरी बिघडले नसते. परंतु शब्द वस्तूच्या तत्त्वाबरोबर जात नाहीत, कारागिराबरोबर जातात. लाकडी सांगाडा सुताराचा होता, काँक्रीटचा सांगाडा गवंड्याचा व सळई बांधणाऱ्याचा. सुतार घरातून बाहेर पडला तेव्हा त्याचे शब्दही त्याच्याबरोबर निघाले. ‘जोते’ मात्र टिकले, कारण पायावरील दगडमाती आधीपासूनच गवंड्याच्या हाती होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात सुतार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत आहे. आज घराचे कडीपाट करणारा सुतार खेड्यात मिळणे दुर्मीळ झाले असून जुन्या वाड्यांचे सागवानी खांब उतरवून विकले जातात, आणि ते दूरच्या शहरांतील दिवाणखान्यांत शोभेला उभे राहतात. तिथे त्यांच्यावर काहीच नसते.

चित्रही नाही आणि शब्दही नाही, अशा स्थितीत सांगाड्याचे काय उरते याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे मिळाले. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगातील तेथील शेतकऱ्यांची घरे मातीची व लाकडाची. लाकूड कुजून गेले, माती मातीत मिळाली. राहिली ती चोपलेल्या जमिनीतील खांबांची भोके. उत्खननाच्या छायाचित्रांत ही भोके काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. आधीच्या काळात चौकोनी मांडणीत, उत्तर जोर्वे काळात वर्तुळात. त्या वर्तुळावर छप्पर कसे असेल हे ठरवताना डॉ. म. के. ढवळीकर यांना आजच्या फासेपारध्यांच्या झोपड्यांचा आधार घ्यावा लागला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराचा सांगाडा उभा करण्यासाठी हयात माणसाच्या घराकडे जावे लागले, आणि ते घर तोवर उभे होते म्हणून जाता आले.

बीबी व तिच्या परिसरात अशी घरे अद्याप सर्वस्वी नाहीशी झालेली नाहीत. तेथील काम मोठ्या खर्चाचे नाही. एका घरातील प्रत्येक खणाचे एक चित्र, त्यावर आकडे घातलेली रेखाकृती, आणि आकड्यापुढे घरच्या माणसांनी सांगितलेले नाव, त्यांच्याच उच्चारात. नावे विचारताना पुरुषांवर थांबून चालणार नाही. तुळई, कडी, किलच ही सुताराची व घरधन्याची नावे. परंतु भिंतीचा आतला भाग, चुलीमागचा कोपरा, उतरंडीची जागा, खुंटी, कोनाडा यांची नावे घर सारवणाऱ्या स्त्रीच्या तोंडी असतात, आणि कोशांत तीच सर्वांत विरळ आहेत.

त्यांतील एक नाव लोणारशी नाते सांगते. दैत्यसूदनाच्या देवळाच्या बाह्यांगावर मूर्तींसाठी कोरलेल्या चौकटी आहेत, ज्यांना शिल्पशास्त्राचे अभ्यासक देवकोष्ठ म्हणतात. धाब्याच्या घरातील मातीच्या भिंतीत, खांबाजवळ, संध्याकाळी दिवा ठेवण्यासाठी एक लहानसा कोनाडा सोडलेला असतो. वरचा कोपरा काजळीने काळा झालेला, खाली तेलाचा डाग. त्या कोनाड्याला घरातील बाई देवळी म्हणते.